टेंब्यांच्या तीन मोटारी

धंतोली, नागपूर
२० नोव्हेंबर १९५५

चि. श्यामकांतास अनेक आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, खुर्चीत बस. गर्गे मास्तर आपल्या लीनाला बघायला येतायत. स्वतः सदाशिवराव, सरलाबाई आणि चिरंजीव चारुदत्त. पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला चाललेत, तिथून तीन तारखेला सकाळी हावड्याला उतरतील आणि तीन दिवस राहतील. राहायची सोय त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या खोलीत केली आहे, तुझ्यावर भार नको म्हणून. असे आहेत ते. मास्तर म्हणजे आमच्या यांच्याच शाळेचे हेडमास्तर. शाळेच्या दौतीत घरच्या पत्रासाठी टाक बुडवत नाहीत. मुलगा कॉलेजात गणित शिकवतो, पगार बरा, बोलणं कमी. आठ महिने मी या स्थळाच्या मागे आहे.

आता मुद्द्याचं. मागे अमरावतीची मंडळी आली तेव्हा तू त्यांना स्टेशनवरून ट्रामने आणलंस. चढताना मुलाच्या आईची एक चप्पल खाली राहिली आणि चपलेबरोबर स्थळही गेलं. या वेळी मोटार पाहिजे. टॅक्सी नको, टॅक्सीवाला पाहुण्यांदेखत हुज्जत घालतो. घरच्यासारखी नीट सोय कर. लीनाची बावीस वर्षं पूर्ण झाली, हे मी तुला सांगायला नको.

तुझी
अक्का


बालीगंज, कलकत्ता
२६ नोव्हेंबर १९५५

ती. अक्कास श्यामकांतचा साष्टांग नमस्कार.

पत्र आलं आणि घरात धांदल उडाली. पुष्पाने पडदे धुवायला काढले. लीना म्हणाली, "बघायला यायला मी काय म्युझियम आहे?" पण तू पाठवलेला चारुदत्तचा फोटो वहीत घालून ती शिकवते त्या शाळेत घेऊन गेली, हे तिच्या आईने पाहिलं.

मोटारीचं काम फत्ते! भवानीपूरला कालीतारा मोटार सर्व्हिस म्हणून आहे. पत्र्याची शेड, चार मोटारी आणि मॅनेजर अनादिबाबू. अक्का, माझी निम्मी नोकरी कस्टमच्या गोदीत लोकांना रांगेत उभं करण्यात गेली आणि उरलेली निम्मी दुसऱ्यांच्या रांगेत उभं राहण्यात. गिऱ्हाइकाला कुणी खुर्ची देतं हे मला माहीतच नव्हतं. अनादिबाबूंनी खुर्ची दिली, चहा दिला, खायला दोन संदेश दिले आणि माझ्या पित्ताची चौकशी केली. मग म्हणाले, "मोटार कशासाठी?" मी सांगितलं, मुलीला बघायला पाहुणे यायचेत.

त्यांनी वही मिटली आणि आत हाक मारली, "अरे, साहेबांकडे कन्यादाय आहे!" मुलीच्या लग्नाच्या जबाबदारीला इथे असं म्हणतात. आतून तिघे जण हात पुसत आले आणि माझ्याकडे असे बघत राहिले की जणू माझंच ऑपरेशन आहे. मुलगा काय करतो, किती भाऊ, सासूचा स्वभाव कसा, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, "एकच विनंती. मोटारीवर पाटी नको, ड्रायव्हरने बक्षिसी मागायची नाही. पाहुण्यांना घरच्या गाडीत बसल्यासारखं वाटलं पाहिजे."

अनादिबाबू उठून उभे राहिले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "आपनी निश्चिंत थाकून, काळजी सोडा. घरची म्हणजे अगदी घरची."

गोष्ठबिहारी नावाचा त्यांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर ते देणार आहेत. बघण्याच्या कार्यक्रमांना त्याने साठ मोटारी तरी नेल्यात, आणि वरपक्ष सीटवर कसा बसतो यावरून लग्न जमणार की नाही हे त्याला कळतं म्हणे. एवढी आस्था तर आमच्या कलेक्टरसाहेबांनी पाच वर्षांत दाखवली नाही.

तुझा
श्यामकांत


नागपूर
३० नोव्हेंबर १९५५

चि. श्यामकांतास आशीर्वाद.

भाड्याची मोटार घेतलीस हे चांगलं केलंस. गर्ग्यांनी विचारलं तर भाड्याची आहे म्हणून सांग. नाही विचारलं तर आपण होऊन दवंडी पिटायचं कारण नाही.

तू फार बोलू नकोस. गोदीतल्या गमती सांगू नकोस. पुष्पाला म्हणावं, रसगुल्ले ठेव पण आमटीत साखर नको. लीनाला माझे आशीर्वाद, आणि तिला सांग, तोंड आवर.

अक्का


बालीगंज
७ डिसेंबर १९५५

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

परवा मंडळी मेलने रवाना झाली. अक्का, काय सांगू! असा थाटाचा कार्यक्रम टेंब्यांच्या सात पिढ्यांत झाला नसेल.

पहिल्या दिवशी हावड्याला काळी ऑस्टिन. गोष्ठबिहारीच्या अंगावर पांढरा शुभ्र कोट, त्याला पितळी बटणं. त्याने सरलाबाईंच्या हातातली पिशवी घेतली, दार उघडलं आणि त्यांचा पदर दारात अडकू नये म्हणून स्वतः आत सारून दिला. सरलाबाई खूश. आमच्या दारात उतरल्यावर तो सरळ स्वयंपाकघरात गेला आणि पुष्पाला म्हणाला, "मांजी, आज बाजार क्या आनेगा?" पुष्पा त्याच्याकडे बघतच राहिली. तो गेला आणि खरोखरच मटार घेऊन आला!

दुसऱ्या दिवशी खाली भोंगा वाजला म्हणून पाहतो तर हिरवी मोटार. ऑस्टिन म्हणे लग्नाला गेली. सध्या बंगाली अग्रहायण महिना, इकडे लग्नांची झुंबड आहे. ड्रायव्हर मात्र तोच. त्या मोटारीतून दक्षिणेश्वर झालं. आणि तिसऱ्या दिवशी आली ती दुधाच्या सायीच्या रंगाची लांबलचक अमेरिकन गाडी, आत पाय पसरून झोपावं एवढी जागा. मी तर जिन्यातच थबकलो. अनादिबाबूंनी चिठ्ठी पाठवली होती की शेवटच्या दिवशी सर्वांत उत्तम गाडी द्यायची हा त्यांचा नेम आहे, जास्तीचा एक पैसा नको.

गोष्ठबिहारी वाटेत पाहुण्यांशी बरंच बोलत होता. बीस बरस साहेबाकडे आहे, दिदिमणीला, म्हणजे आपल्या लीनाला, गोद में खेलाया, असं काहीबाही. मी पुढच्या सीटवर होतो, बाहेर बघत राहिलो. म्हातारा माणूस, चारचौघांत त्याला कुठे खोटं पाडायचं? मोटार कुणाची हा प्रश्न मास्तरांनी काढला नाही, तेव्हा तुझ्या सांगण्याप्रमाणे मीही काढला नाही.

मास्तर फार भारावून गेलेले दिसले. पहिल्या दिवशी मोकळे बोलत होते, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी बोटॅनिकल गार्डनमध्ये एकटेच दूर जाऊन उभे राहिले. स्टेशनवर मला "श्यामकांतराव" न म्हणता "टेंबेसाहेब" म्हणाले आणि लांबूनच हात जोडले. मान वाढला, दुसरं काय! गोष्ठबिहारी मात्र परतताना मान हलवून म्हणाला, "बाप सीटच्या टोकाला बसला होता. ठीक नाही." मी हसण्यावारी नेलं.

त्यांचं पत्र केव्हा येतं ते ताबडतोब कळव. लीना विचारत नाही, पण पोस्टमन आला की गॅलरीत जाते.

तुझा
श्यामकांत


नागपूर
१४ डिसेंबर १९५५

श्यामकांत,

आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत मी नाही. गर्ग्यांचा नकार आला. नुसता नकार असता तर मी पोटात घातला असता. मास्तर स्वतः आले, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि यांच्यासमोर मला म्हणाले, "कालिंदीबाई, कस्टमच्या पगारात तीन मोटारी होत नाहीत. आमच्या घरात एक सायकल आहे, पण ती आमची आहे."

कळलं का तुला? आपण लाच खातो असं त्यांचं म्हणणं आहे! आपल्या बाबांनी अडतीस वर्षं कचेरीत काढली आणि पक्षकाराच्या घरचा नारळ कधी घेतला नाही. त्या बाबांच्या मुलाबद्दल हे ऐकायला मी जिवंत राहिले.

मी लगेच सांगितलं की मोटार भाड्याची होती, माझ्याकडे पत्र आहे. मास्तर म्हणाले, "तीन दिवस तीन मोटारी, आणि एकच ड्रायव्हर. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर बाजारातून मटार आणतो? आणि तो वीस वर्षं नोकरीला असल्याचं सांगतो. बहीण भावाची बाजू घेणारच." मग मीही घुटमळले. तुझ्या आधीच्या पत्रात एकच मोटार ठरली होती. मग जास्तीचा पैसा न घेता बाकीच्या दोन कोण देतं? आता तू मला माझी शपथ घेऊन खरं सांग. गोदीतल्या कुणा व्यापाऱ्याने दिल्या होत्या का? दिल्या असतील तर या घराची पायरी चढू नकोस. नसतील तर तसं सिद्ध करून दे. आणि ते लवकर कर. मुलीचं स्थळ गेलं तर दुसरं येईल, पण असं बोलणं एकदा नागपुरात पसरलं की कुठलंच यायचं नाही.

कालिंदी


बालीगंज
१८ डिसेंबर १९५५

ती. अक्का,

तुझी शपथ, बाबांची शपथ, लीनाची शपथ. आयुष्यात एकाही व्यापाऱ्याच्या मोटारीत मी बसलो नाही. मी आजही खिदिरपूरच्या गोदीवर ट्रामने जातो, आणि परवा तुझं पत्र वाचून तर ट्रामचा स्टॉपसुद्धा चुकलो.

तुझं पत्र घेऊन मी तडक कालीताराच्या शेडमध्ये गेलो. म्हटलं, "तुमच्या सेवेने माझं वाटोळं केलं!" अनादिबाबूंनी आधी खुर्ची दिली. मग सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. गोष्ठबिहारीला बोलावलं. तो म्हणाला, "साहेबच म्हणाले ना, घरची वाटली पाहिजे? घरच्या गाडीचा ड्रायव्हर नवा असतो का कधी?" त्याने चूक केली ती मी सांगितल्याप्रमाणेच, फक्त मनापासून. आणि मी तीन दिवस पुढच्या सीटवर बसून ऐकत राहिलो. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी दार उघडून उभं राहत होतं. ही लाज मी तुझ्याजवळच कबूल करतो.

अनादिबाबूंनी त्याच बैठकीत एक दाखला टाइप करून दिला. मूळ इंग्रजी सोबत आहे. मराठी लीनाने केलं, ते असं :

"दाखला देण्यात येतो की श्री. श्यामकांत टेंबे यांच्या मालकीची एकही मोटार नाही. ते आमच्या कचेरीत ट्रामने येतात, आणि कपड्यांवरून पाहता उभ्याने येतात. ता. ३ ते ५ डिसेंबर रोजी वापरलेल्या तिन्ही मोटारी आमच्या असून त्यांचे नंबर खाली दिले आहेत. ड्रायव्हर गोष्ठबिहारी आमच्याकडे एकोणीस वर्षे आहे. त्याने गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी सत्यापेक्षा जास्त सेवा केली याबद्दल आम्ही क्षमा मागतो. आमच्या मोटारीतून आजवर अनेक लग्ने जमली आहेत. मोडलेले हे पहिलेच, आणि ते आमच्या मनाला फार लागले आहे. वरपक्षास शंका असल्यास त्यांनी कलकत्त्यास येऊन कागदपत्रे तपासावीत. हावडा स्टेशनवर आम्ही मोटार पाठवू."

शेवटचं वाक्य गाळा म्हणून मी खूप विनवलं. ते म्हणाले, "पाहुणा येणार आणि आम्ही मोटार पाठवायची नाही?"

अक्का, हा कागद घेऊन तू मास्तरांकडे जा. काल पोस्टमन आला तेव्हा लीना गॅलरीत गेली नाही. ते मला बघवलं नाही.

तुझा
श्यामकांत


नागपूर
२५ डिसेंबर १९५५

चि. श्यामकांतास अनेक आशीर्वाद.

गेले. यांना बरोबर घेतलं आणि संध्याकाळी गर्ग्यांच्या घरी जाऊन बसले. उठवल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवूनच गेले होते.

मास्तरांनी दाखला दोनदा वाचला. ट्रामचं वाक्य आलं तेव्हा सरलाबाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तर काही हसले नाहीत. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "पैसे खाणारा माणूस दाखला आणू शकत नाही का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुला सांगते, परक्याच्या घरात मी आजवर रडले नव्हते.

तेवढ्यात चारुदत्त आतून आला. हातात लीनाचं माहितीपत्रक, मीच मार्चमध्ये दिलेलं. वडिलांना म्हणाला, "यात लिहिलंय, मॅट्रिक १९४९, मुंबई. टेंबे मंडळी कलकत्त्याला आली १९५० साली. म्हणजे मुलगी तेव्हा सतरा वर्षांची. ड्रायव्हरने तिला कडेवर कधी खेळवलं?" मास्तरांनी चष्मा लावला. पेन्सिल घेऊन खरोखरच वजाबाकी मांडली, बघ! उत्तर तेच आलं. मग म्हणाले, "ड्रायव्हर खोटं बोलला." चारुदत्त म्हणाला, "एक खोटं बोलला तर बाकीचंही खोटं असेल." हे मी दहा दिवस घसा फोडून सांगत होते, पण वजाबाकी करून सांगायला हवं हे मला काय ठाऊक!

मला वाटलं जिंकलो. कसलं काय. मास्तर म्हणाले, "लाच नाही हे पटलं, मी शब्द मागे घेतो आणि क्षमा मागतो. पण कालिंदीबाई, जो माणूस तीन दिवस पुढे बसून आपल्याबद्दलचं खोटं ऐकून घेतो, त्याच्या घरची सोयरीक मी करावी का?" विचारल्याशिवाय सांगू नकोस असं तुला लिहिणारी मीच. मी तसं सांगितलं. म्हटलं, "पहिली चूक माझी आहे."

मग सरलाबाई म्हणाल्या, "पण मुलीने सांगितलं होतं की."

श्यामकांत, हे तू मला का लिहिलं नाहीस? दक्षिणेश्वरहून येताना लीना सगळ्यांदेखत म्हणाली होती म्हणे, "ही मोटार आमची नाही, भाड्याची आहे, परवा परत जाईल." आणि तुम्ही सगळे हसलात! मुलगी विनोदी आहे म्हणून मास्तर सगळ्यात मोठ्याने हसले, असं सरलाबाईच म्हणाल्या.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तीस वर्षं मी मुलांना खरं बोला म्हणून शिकवतोय. त्या मोटारीत खरं बोलणारं एकच माणूस होतं, आणि मी त्याला हसलो. कालिंदीबाई, तुमचे बंधू कसेही असोत. ही मुलगी आम्हांला द्या."

मी तिथेच साखर मागितली. माघात मुहूर्त बघते आहे, लग्न इथेच करू. आता लीनाला नीट बसवून विचार आणि तिचं काय म्हणणं आहे ते उलट टपाली कळव. या वेळी काही गाळू नकोस.

तुझी
अक्का


बालीगंज
२९ डिसेंबर १९५५

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. पुष्पा रडली, मीही रडलो. मग ट्रामने कालीताराच्या शेडमध्ये गेलो. अनादिबाबूंनी बातमी ऐकली आणि मला खुर्ची द्यायचं पहिल्यांदाच विसरले. उठून मला मिठी मारली. गोष्ठबिहारीने नागपूरला मोटार घेऊन येऊ का असं विचारलं. नको म्हणून सांगताना मला घाम फुटला.

आता लीनाचं. तू गाळू नकोस म्हणालीस म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

ती वह्या तपासत बसली होती. मी समोर बसून म्हटलं, "बेटा, त्या दिवशी तू खरं बोललीस आणि मी सगळ्यांबरोबर हसलो. माझं चुकलं. मास्तरांनी होकार दिला आहे, पण तुझं मन नसेल तर मी आज नकार कळवतो. माझ्यासाठी किंवा आत्यासाठी हो म्हणू नकोस."

तिने हातातली वही तपासून पूर्ण केली, मार्क मांडले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"सगळे हसले नव्हते, बाबा," ती म्हणाली. "चारुदत्त हसले नाहीत. घराशी उतरताना त्यांनी मला हळूच विचारलं, खरंच भाड्याची आहे? मी हो म्हटलं. तर म्हणाले, बरं झालं, मी दोन दिवस घाबरून बसलो होतो."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय? आमचं तेव्हाच ठरलं. तुम्ही आणि आत्या तीन आठवडे कुणाचं लग्न जमवत होतात?"

तुझा
श्यामकांत